घर पाहुण्यांना द्यायचंय, पण आधी काकूंना विचारलंत का?

डोंबिवलीहून एका वाचकांचं लांबलचक पत्र आलंय, नाव देऊ नका म्हणालेत म्हणून देत नाही. मजकूर थोडक्यात असा. गुहागर तालुक्यात समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर त्यांचं आजोबांच्या वेळचं कौलारू घर आहे, मागे नारळी-पोफळीचं आगर, चार खोल्या वापरात नाहीत. घरात धाकटी काकू एकटीच राहते, काका गेले त्याला सहा वर्षं झाली, काकूंचं वय बासष्ट. बाकी सगळे मुंबई-पुण्याला, एक चुलतभाऊ अमेरिकेत. मेव्हण्याने गोव्यात फ्लॅट घेऊन ऑनलाइन लावलाय आणि तो म्हणतो फोटो टाकले की बुकिंग चालू, परवानगी-बिरवानगी कोणी विचारत नाही. तर यांना दिवाळीच्या आत घर एअरबीएनबीवर, म्हणजे घर-खोल्या बुक करायच्या साइटवर, टाकायचंय. कुठली परवानगी लागते का, जीएसटी भरावा लागेल का, वीजबिल वाढेल का, आणि पत्राच्या शेवटी एक ओळ, "चावी द्यायला आणि पाहुण्यांचं जेवण करायला काकू आहेच."

नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मी परवानग्यांचीच यादी मनात करत होते, दुसऱ्यांदा वाचताना त्या शेवटच्या ओळीवर अडकले आणि तिथून पुढे हलताच येईना, म्हणून सुरुवात तिथूनच करते. तुम्ही जो धंदा काढताय त्याची मालकीण, मॅनेजर, आचारी आणि वॉचमन अशी चारही कामं काकू करणार आहेत, आणि अख्ख्या पत्रात काकूंना विचारलंय असं कुठेही नाही. रागावून नाही लिहीत हे. आमच्या दापोलीकडच्या माहेरच्या घरात आम्हीही सुरुवातीला असंच केलं होतं, तिथे राहणाऱ्या वहिनीला गृहीत धरलं होतं, आणि दुसऱ्या सीझनला भर मे महिन्यात ती माहेरी निघून गेली. बारा पाहुणे दारात, घराला कुलूप. चूक पूर्णपणे आमची होती.

आणि यात नुसता भावनेचा प्रश्न नाहीये, नियमातच काकू महत्त्वाच्या आहेत. आपल्याकडे घरात पाहुणे ठेवण्यासाठी जी योजना आहे तिला न्याहारी निवास म्हणतात, इंग्रजीत बेड अँड ब्रेकफास्ट. आधी एमटीडीसी, म्हणजे राज्याचं पर्यटन महामंडळ, बघायची, आता नोंदणी पर्यटन संचालनालय करतं, तुमच्या भागासाठी त्यांचं विभागीय कार्यालय बेलापूरला कोकण भवनात आहे. केंद्र सरकारचीही वेगळी योजना आहे, इन्क्रेडिबल इंडिया बेड अँड ब्रेकफास्ट, त्यात जास्तीत जास्त 6 खोल्या आणि 12 खाटा चालतात आणि अट स्पष्ट आहे की मालक किंवा त्याचं कुटुंब त्याच घरात राहत असलं पाहिजे. सगळ्या कल्पनेचा पायाच तो आहे, पाहुणा कुटुंबात येऊन राहतो, कुटुंब तिथे आहे म्हणून त्याला हॉटेलचे सगळे नियम लावत नाहीत. आता सांगा, तुमच्या घरात राहतंय कोण? तुम्ही डोंबिवलीला, भाऊ पुण्याला. राहतात त्या काकू. म्हणजे अर्ज कोणाच्या नावाने सगळ्यात सरळ जाईल हे वेगळं सांगायला नको.

अजून एक. राज्य सरकारने 2023 मध्ये महिलांसाठी आई नावाचं पर्यटन धोरण आणलंय. बाईच्या मालकीचा आणि तिनेच चालवलेला पर्यटनाचा व्यवसाय असेल, संचालनालयाकडे नोंदलेला असेल, तर 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज सरकार परत देतं, जास्तीत जास्त साडेचार लाख रुपयांपर्यंत. तुम्ही लिहिलंय की दोन टॉयलेट बांधायला आणि कौलं उतरवून वासे बदलायला पाचेक लाख लागतील आणि ते भावांकडून गोळा करायचेत. काकूंच्या नावाने व्यवसाय उभा केलात तर हा रस्ता उघडतो. बँकेत गेलात तर मुद्रा या छोट्या व्यवसायांसाठीच्या सरकारी कर्जयोजनेचंही विचारा, 2025 च्या केंद्रीय बजेटमध्ये होमस्टेसाठी मुद्रा कर्ज द्यायची घोषणा झालेली आहे. पण यातलं काहीही करताना काकू सहीपुरत्या नकोत. बँक खातं त्यांचं, त्यात पैसे त्यांचे, आणि चालवायचं कसं हेही त्यांच्या मनाने. त्यांना नको असेल तर विषय तिथेच संपला, मग दुसरं काहीतरी बघू.

समजा काकू हो म्हणाल्या. आता घराच्या कागदांकडे या, कारण कोकणातली निम्मी होमस्टे तिथेच अडकतात.

तुम्ही म्हणता घर आमच्या तिघा भावांचं, म्हणजे तुमचे वडील आणि दोन काका. आणि आत्या? पत्रात तुम्हीच एका ठिकाणी लिहिलंय की मे महिन्यात दोन्ही आत्या यायच्या, आंबे पिकायला घालायच्या. त्या आत्यांचा हिस्सा आहे त्या घरात. मुलगी वडिलांची वारस आहे हे 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापासून आहे, आणि 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही तिला मुलाइतकाच हक्क मिळाला. लग्न होऊन चाळीस वर्षं झाली म्हणून तो जात नाही. त्या कधी मागणार नाहीत हेही मला पटतं, बहुतेक आत्या मागतच नाहीत, पण न मागणं म्हणजे सोडणं नव्हे, आणि त्यांची मुलं मागणार नाहीत असं कोण सांगणार.

ग्रामपंचायतीत जाऊन नमुना 8 चा उतारा काढा, ज्याला आपण असेसमेंटचा उतारा म्हणतो. माझा अंदाज, त्यावर अजून आजोबांचंच नाव असेल. आणि बरेच जण हा उतारा दाखवून म्हणतात की घर माझ्या नावावर आहे, तर तसं नसतं हो, तो घरपट्टीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नाही. घराखालच्या आणि आगराच्या जमिनीचा सातबारा काढा, तलाठ्याकडे वारस नोंद झालीये का बघा, नसेल तर अर्ज करा. याला वेळ लागतो, दिवाळीपर्यंत होईलच असं नाही. पण नोंदणीच्या अर्जाला घराचे कागद आणि ग्रामपंचायतीचं ना हरकत लागणार, तेव्हा सहहिस्सेदार सगळे एका कागदावर हवेत.

तो कागद म्हणजे संमतीपत्र. साध्या भाषेत लिहा की आम्ही सगळे या घराचे हिस्सेदार, अमुक खोल्यांमध्ये काकूंनी न्याहारी निवास चालवायला आमची संमती आहे, मुदत इतकी वर्षं, त्याने कोणाचाही हिस्सा कमी-जास्त होत नाही. 500 च्या स्टॅम्पवर, नोटरी करून. आत्यांच्या सह्या घ्या, आधी घ्या. अमेरिकेतल्या भावाची सही तिथल्या नोटरीसमोर करून, त्यावर अपॉस्टिल म्हणजे कागद खरा असल्याचा तिथल्या सरकारचा शिक्का घेऊन मागवता येते नाहीतर भारतीय वकिलातीत करता येते, आणि तो कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथला स्टॅम्प भरायचा असतो, हे लोक विसरतात आणि मग दंड भरतात. एक सावधगिरी. कोणीतरी शहाणा नातेवाईक सांगेल की त्यापेक्षा सरळ हक्कसोडच, म्हणजे आपला हिस्सा सोडल्याचा दस्तच, करून घेऊ सगळ्यांकडून, म्हणजे कटकट नको. नका करू. होमस्टेसाठी हक्कसोडीची अजिबात गरज नाही. "बिझनेससाठी नुसती एक सही" म्हणून आत्याकडून हक्कसोडीवर सही घेणं याला माझ्या भाषेत फसवणूक म्हणतात, आणि नात्यात एकदा हे झालं की गणपतीला कोण कोणाच्या दारात येत नाही.

आमच्याकडे हेच राहिलं होतं. तोंडी सगळे हो हो म्हणाले, दोन सीझन मस्त गेले, पैसे दिसायला लागले तसा एका चुलत्यांनी ग्रामपंचायतीत तक्रार अर्ज टाकला की माझ्या हिश्श्यात धंदा चालू आहे आणि मला विचारलं नाही. ना हरकत दाखला रखडला, ऐन दिवाळीतली बुकिंग कॅन्सल करून पैसे परत करावे लागले. मिटलं नंतर, पण ते संमतीपत्र आधी केलं असतं तर एक दुपारचं काम होतं.

आता समुद्र. चालत दहा मिनिटं म्हणजे तुम्ही भरतीरेषेपासून 500 मीटरच्या बाहेर असाल बहुधा, आणि तसं असेल तर सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामांवरच्या नियमांची, काळजी नाही. पण तुम्हीच लिहिलंय आगराच्या खालच्या टोकाला खाडीचं पाणी येतं. सीआरझेड खाडीलाही लागतो, नुसत्या किनाऱ्याला नाही, तेव्हा आगर कशात येतं ते सीआरझेडच्या मंजूर नकाशावर बघून घ्या. ग्रामीण भागात समुद्राच्या बाजूला पहिले 200 मीटर ना-विकास क्षेत्र धरतात, 2019 च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या गावांना, म्हणजे चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा जास्त लोक असतील तिथे, ते 50 मीटरवर आणलंय, पण आपल्या कोकणातल्या वाड्यांमध्ये एवढी दाटी कुठे असते. म्हणून तुमच्या पत्रातला तो "पुढच्या वर्षी आगरात तीन कॉटेज" वाला बेत तूर्त बाजूला ठेवा. जुनं घर आहे तसं दुरुस्त करून पाहुण्यांना देणं ही एक गोष्ट आणि शेतजमिनीत नवीन बांधकाम ही पूर्ण वेगळी, त्याला जमिनीचा वापर बदलून घेणं आलं, बांधकाम परवानगी आली, सीआरझेड लागला तर त्याची मंजुरी आली. मुंबईचे लोक आगरात चिऱ्याचे चौथरे घालून बसतात आणि मग नोटीस आली की गावच्या राजकारणावर बिल फाडतात.

विहिरीचं बोलते, कारण हे कुठल्याही फॉर्मवर नसतं. तुम्ही न्हाणीघराच्या मागे दोन टॉयलेट म्हणताय, फोटो पाठवलाय त्यात विहिरीचा रहाट दिसतोय मागे, आठ-दहा पावलांवर. जांभ्या दगडातून पाणी झिरपतं, शोषखड्डा तिथे खणलात तर जे जाईल ते विहिरीत येईल, तुमच्याच नाही, शेजारच्या आगरातल्या विहिरीतसुद्धा. आमच्याकडे एका मे महिन्यात पाण्याला वास यायला लागला तेव्हा कळलं. पोहरा वर आला की नाकाला लागायचा, वहिनी पदर लावून पाणी ओढायची आणि पाहुण्यांना बाटल्या विकत आणून द्यायची. शेवटी टाकी बुजवून घराच्या दुसऱ्या अंगाला, उताराकडे नवीन बांधली, खर्च दुप्पट. तुम्ही पहिल्यांदाच उताराच्या बाजूला आणि विहिरीपासून जमेल तेवढं लांब घ्या. आणि मे महिन्यात विहिरीला किती पुरुष, म्हणजे किती माणसांच्या उंचीएवढं, पाणी उरतं ते काकूंना विचारा, त्याच्यावर किती खोल्या द्यायच्या ते ठरवा. चार खोल्या म्हणजे आठ-दहा माणसं, शहरातली माणसं दिवसाला दोनदा आंघोळ करतात समुद्रावरून आली की. मे मध्ये दोनच खोल्या उघडा असं माझं मत आहे, पैसे थोडे कमी मिळतील पण पाणी पुरेल.

वीजबिलाचं विचारलंत. घरगुती मीटरवर धंदा चालवताय असं महावितरणच्या तपासणीत निघालं तर वीज कायद्याचं कलम 126 लावतात आणि त्या वापराची आकारणी दुप्पट दराने करतात, कधीपासून चालू होतं ते ठरवता आलं नाही तर मागचे 12 महिने धरून. हा फटका लहान नसतो. न्याहारी निवासची नोंदणी घ्या म्हणते त्याचं एक कारण हेच, नोंदणी असेल तर वीज, पाणी, घरपट्टी घरगुती दरानेच धरा असं मागायला हातात आधार राहतो. प्रमाणपत्र मिळालं की त्याची प्रत अर्जाला जोडून महावितरणच्या उपविभागात आणि ग्रामपंचायतीत द्या, पोच घ्या, पोच फाइलला लावा. तोंडी सांगून येऊ नका, साहेब बदलतात.

जीएसटी. याची तुम्हाला सगळ्यात जास्त धास्ती दिसतेय आणि तुमच्या बाबतीत हाच सगळ्यात हलका विषय आहे. सेवेसाठी वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर काकूंना जीएसटी नोंदणीची गरज नाही. तुमचाच हिशोब घ्या, खोलीला 2000 रुपये, चार खोल्या, वर्षाला 90 रात्री अगदी सगळ्या भरल्या तरी 7 लाख 20 हजार होतात. मग ऑनलाइन साइटवर पाहुण्याला जीएसटी लागलेला दिसतो तो काय? तर अशा लहान घरमालकांच्या बुकिंगवरचा कर साइटनेच गोळा करून भरायचा असा नियम आहे, तो पाहुण्याकडून जातो, तुमच्या हिशोबात येत नाही. 7500 रुपयांपर्यंतच्या खोलीला 22 सप्टेंबर 2025 पासून तो 5 टक्के झालाय, आधी 12 होता. ओळखीतून थेट आलेल्या पाहुण्यांना 20 लाखांच्या आत असताना तुम्ही जीएसटी लावायचाच नाही, काही जण लावतात आणि खिशात घालतात, तो गुन्हा आहे.

इन्कम टॅक्स मात्र आहे. हे उत्पन्न ज्याचा व्यवसाय त्याचं, म्हणजे काकूंचं, आणि लहान व्यवसायाला ठोक पद्धतीने नफा दाखवायची सोय आहे, रोखीच्या जमेवर 8 टक्के, बँकेतून आलेल्यावर 6 टक्के, त्यामुळे वह्या-बिलांचा डोंगर लागत नाही. साइटला काकूंचं पॅन आधीच द्या, नाही दिलं तर टीडीएस जास्त कापला जातो. आणि एकदा गुहागर-चिपळूणकडच्या एखाद्या चांगल्या सीएला दाखवा, वर्षातून एकदाच जायचंय. पैसे भावांमध्ये कसे वाटायचे हे पण त्याच्यासमोर ठरवा. माझं म्हणाल तर आधी काकूंचा मोबदला बाजूला काढा, जेवणाचे पैसे पूर्ण त्यांचे, मग घरदुरुस्तीचा फंड, आणि उरलं तर हिस्सेदार. पहिल्या दोन वर्षांत हिस्सेदारांना काही उरत नाही, हे सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.

जेवणावरून आठवलं, पैसे घेऊन जेवण देताय म्हणजे अन्न सुरक्षेचं, एफएसएसएआयचं बेसिक रजिस्ट्रेशन करा, ऑनलाइन होतं. नाश्ता आणि जेवण काय असेल, कधीपर्यंत सांगायचं, हे काकूंनी ठरवायचं. रात्री साडेअकराला उतरून "काहीतरी गरम करा ना" म्हणणारे पाहुणे येतात, त्यांना नाही म्हणायची मुभा काकूंना तुम्ही द्यायची आहे. माझ्या वहिनीने परत आल्यावर एकच अट घातली, आठनंतर चूल बंद. पाटी लावली आम्ही ओटीवर, एकाही पाहुण्याने तक्रार केली नाही.

पोलीस स्टेशनला स्वतः जाऊन या, फोनवर नको. सांगा की घरात पाहुणे ठेवतोय, नोंदणीची प्रत द्या. पाहुण्यांचं रजिस्टर ठेवायचं, प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र बघायचं, कुठून आले, कुठे जाणार, गाडी नंबर. आधारची प्रत घ्यायची तर आकडे झाकलेली घ्या आणि ती व्हॉट्सअॅपवर इकडेतिकडे फिरवू नका. परदेशी नागरिक आला तर 24 तासांच्या आत ऑनलाइन माहिती भरायची असते, सगळे त्याला सी फॉर्म म्हणतात, 1 सप्टेंबर 2025 पासून नवीन इमिग्रेशन कायदा लागू झालाय तरी ही जबाबदारी घर देणाऱ्यावर आहेच. काकूंना ते मोबाइलवर जमणार नसेल तर तुम्ही डोंबिवलीतून भरा, पण पाहुणा आला हे त्याच दिवशी कळायला हवं. आणि जिल्ह्यात घरमालकांनी माहिती द्यावी असा आदेश निघालेला असेल तर तो मोडल्यास गुन्हा दाखल होतो, भारतीय न्याय संहितेचं कलम 223, तेव्हा असा आदेश चालू आहे का तेही तिथेच विचारून घ्या.

दारूचं स्पष्ट बोलू. काकूंनी किंवा घरातल्या कोणीही पाहुण्यांना दारू आणून विकायची नाही, दोन बाटल्यासुद्धा नाही, परवान्याशिवाय विक्री म्हणजे दारूबंदी कायदा. रात्री दहानंतर स्पीकर बंद, हा तर देशभरचा नियम आहे, सकाळी सहापर्यंत. एकट्या बाईच्या घरात दहा तरुण पोरांचा ग्रुप घ्यायचा की नाही हे काकूंनी ठरवायचं, "फॅमिली ओन्ली" लिहायचं असेल तर लिहा. कॅमेरा लावणार असाल तर फक्त बाहेर गेटवर, आणि आहे हे बुकिंगच्या पानावर लिहून. खोलीच्या आसपास कुठेही नको. आणि तो प्लास्टिकचा छोटा स्विमिंग पूल जो तुमच्या मुलाला हवाय, तो घेऊ नका. लोणावळा-अलिबागच्या बंगल्यांमधल्या पूलमध्ये लहान मुलं बुडाल्याच्या बातम्या दर वर्षी वाचतो आपण. विहिरीला मात्र आत्ताच जाळी बसवून घ्या, पहिला पाहुणा यायच्या आधी.

आता मेव्हण्याचं. त्याला हे पत्र दाखवा. गोव्यात तर आपल्यापेक्षा जुना आणि कडक कायदा आहे, 1982 चा, पर्यटन व्यवसाय नोंदणीचा. हॉटेल असो नाहीतर पेइंग गेस्ट म्हणून दिलेली खोली, पर्यटन खात्याकडे नोंदणी करावीच लागते, आणि ऑनलाइन लावलेला फ्लॅट-व्हिला त्यातून सुटत नाही. कोणी विचारत नाही म्हणजे अजून विचारलं नाही एवढंच. शेजाऱ्याच्या एका तक्रारीवर किंवा एखाद्या पाहुण्याच्या पोलीस केसवर सगळं उघडं पडतं, आणि तेव्हा सोसायटीपण त्याच्या बाजूने उभी राहणार नाही.

सोसायटीचा विषय निघालाच आहे, आणि असेच प्रश्न इतर वाचकांचेही येतात, म्हणून दोन ओळी. महाराष्ट्रात सोसायटीतला फ्लॅट भाड्याने दिला की सोसायटी बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणूनचा आकार, घेऊ शकते, सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंत, त्याहून जास्त नाही, हे 2001 पासून ठरलेलं आहे. पण रोज नवे पाहुणे हा भाडेकरूचा प्रकार नाही, फ्लॅट राहण्यासाठी दिलाय असं उपविधीत असतं आणि त्यावर सोसायटी हरकत घेऊ शकते. बिल्डिंगमध्ये करायचं असेल तर आधी कमिटीला लेखी द्या, लपवून नको. आणि उलट बाजू, तुमच्या गावच्या घरात जर कोणी म्हणालं की वर्क फ्रॉम होम आहे, दोन-तीन महिने राहू द्या, तर तो पाहुणा राहिला नाही, तिथे रीतसर लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवा. पाहुणा म्हणून आला आणि उठतच नाही असं झालं तर काकू एकट्या काय करणार.

दिवाळीचा आग्रह सोडा असं मी म्हणेन. तुम्हाला ते आवडणार नाही, माहितीये, सीझन जातो. पण या दिवाळीला तुम्ही पाहुणे म्हणून जा, बायको-मुलांना घेऊन, चार दिवस त्याच खोल्यांमध्ये राहा. पाणी तापायला किती वेळ लागतो, रात्री टॉयलेटला जाताना अंगणात दिवा आहे का, मोबाइलला रेंज कुठे येते, डास किती, हे सगळं कळेल. काकूंना काय जमतं, काय नको वाटतं ते त्यांच्याच ओटीवर बसून ऐका. सोबत मदतीला वाडीतली एखादी बाई पगारावर ठेवायची का, विचारा. देवघराच्या खोलीचं काय करायचं, सोवळं पाळायचं आहे का, घरात मासे शिजवायचे की नाही, हेही काकूंच्या तोंडून येऊ द्या, आणि जे ठरेल ते बुकिंगच्या पानावर आधीच लिहा म्हणजे पाहुण्याला दारात सांगायला नको. त्याच चार दिवसांत आत्यांना बोलवा, संमतीपत्र समोरासमोर वाचून दाखवा, सह्या तिथेच होतील. तोपर्यंत वारस नोंद मार्गी लागेल, प्रमाणपत्र आलं की मे महिना तुमचा.

आणि नंतर कधी साइटवर कॅलेंडर उघडाल तेव्हा पहिल्याच दिवशी गणपतीचे आणि शिमग्याचे दिवस बंद करून टाका, दर वर्षीचे. आम्ही एकदा विसरलो होतो, चतुर्थीच्या आदल्या दिवशी पुण्याचं एक कुटुंब बॅगा घेऊन ओटीवर उभं आणि आत माजघरात सतरा चाकरमानी झोपलेले.